मैदान कोणाच्या मालकीचं?

ई-स्पोर्ट्स हा खेळ आहे की नाही, या वादात मला आता काही राम वाटत नाही. बुद्धिबळ खेळ, नेमबाजी खेळ, मग हाही खेळ. विषय मिटला. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत (नावाने 2022ची, भरली 2023 मध्ये) सात व्हिडिओ गेम्सना खरीखुरी पदकं होती. आपल्याला त्यात एकही मिळालं नाही, पण ते चालायचंच. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे आणि तो पोटापाण्याच्या धंद्यातून आलाय: मैदान कोणाचं?

2018 मध्ये जकार्ताला ई-स्पोर्ट्स प्रदर्शनापुरते होते, तेव्हा भूजच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोनमध्ये कांस्य जिंकलं होतं. पदकतालिकेत ते धरलं गेलं नाही, तरी कौतुक झालंच. हांगझोऊच्या यादीतही हा गेम होता, आपली निवडही झाली होती. आणि जानेवारी 2023 मध्ये गेम बनवणारी ब्लिझार्ड आणि तिची चीनमधली भागीदार नेटईज यांचा करार संपला. चीनमधले सर्व्हर बंद. पुढे स्पर्धेतून तो खेळच वगळला! म्हणजे बघा, लायसन्स रिन्यू झालं नाही म्हणून उंच उडी रद्द.

आता कबड्डी बघू. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी ती करून दाखवली. दिल्लीत 1982 ला पुन्हा प्रदर्शन, आणि पदक 1990 ला, बीजिंगमध्ये. बर्लिनपासून 54 वर्षं! ई-स्पोर्ट्सना पाचच लागली. पण त्याच हांगझोऊत पुरुष कबड्डीची फायनल आठवते का? एका चढाईचे गुण जुन्या नियमाने द्यायचे की नव्या, यावरून भारत आणि इराण असे भांडले, की खेळ तासभर बंद. शेवटी आपण 33-29 ने जिंकलो (संघात आपला अस्लम इनामदारही होता). तमाशा होता तो, मान्य. पण भांडता तरी आलं ना? गेममध्ये रात्रीत पॅच येतो, सकाळी बंदुकीची ताकद बदललेली असते, आणि आपण 'मान्य आहे' वर बोट ठेवून पुढे जातो.

माझं गाव मुरबाड तालुक्यात. सुट्टीत तिकडे किंवा शहापूरच्या नातेवाइकांकडे चक्कर असते. गावात कबड्डीची आखणी केलेली जागा आहे आणि तिच्याच कडेला, जिथे रेंज येते तिथे, पोरं मोबाईल घेऊन बसलेली. पीसी कुणाकडे नाही. हांगझोऊतले लीग ऑफ लेजंड्स, डोटा 2 हे प्रकार त्यांनी बघितलेलेसुद्धा नाहीत. त्यांचं सगळं कसब बीजीएमआयवर. भाच्याला विचारलं, अभ्यास सोडून यात काय मिळणार? म्हणाला, "मामा, कबड्डीत तरी काय मिळतं?" बिनतोड!

पण या पोरांचं मैदान दोनदा गायब झालं. सप्टेंबर 2020 मध्ये पबजी मोबाईलवर बंदी. 2021 मध्ये बीजीएमआय नावाने परत, जुलै 2022 मध्ये पुन्हा बंद, मे 2023 मध्ये पुन्हा चालू. बंदी बरोबर की चूक हा वेगळा विषय. असो. हांगझोऊत पबजी मोबाईल पदकाचा खेळ होता (तोही सुधारून वाढलेला, एकमेकांऐवजी निशाणांवर गोळ्या), आणि भारताचा संघ तिथे नव्हता. गावातल्या पोरांना येणारा एकमेव गेम, आणि नेमका त्यातच आपण नाही.

2025च्या कायद्याने पैशांच्या गेम्सवर बंदी आणून ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली, हे छानच झालं. पण आपण एखाद्या बँकेला सॉफ्टवेअर देतो तेव्हा काय करतो? ती एस्क्रोचा करार मागते. उद्या कंपनी बुडाली तरी सोर्स कोड त्रयस्थाकडे सुरक्षित राहतो. आशियाई ऑलिंपिक परिषदेने कंपन्यांकडून एवढं तरी लिहून घ्यावं: खेळ जाहीर झाल्यापासून फायनलपर्यंत परवाना टिकेल, स्पर्धेची आवृत्ती गोठवलेली राहील, आणि ती बंद नेटवर्कवर, कंपनीच्या सर्व्हरविना चालेल. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काहीच नाही. कंपन्या कुरकुर करतील. मग त्यांचा गेम घेऊ नये.