मूळ पानाला हात न लावता



फुलसावंगी (ता. महागाव, जि. यवतमाळ) येथील एका पालकांचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा मोबाईल दुरुस्ती शिकतो. घरातला एकुलता एक फोन 'रूट' करून त्यातील अक्षरांचे वळण बदलायचे व जाहिराती बंद करायच्या, असे त्याने ठरविले आहे. "बाबा, मूळ फाईलला मी हातच लावत नाही. मग धोका कसला?" असे तो विचारतो.

मुलाचे म्हणणे अर्धे खरे आहे.

फोन चालविणाऱ्या फाईली 'सिस्टम' नावाच्या वेगळ्या भागात असतात. त्या वाचता येतात, बदलता येत नाहीत. रूट करणे म्हणजे फोनवर पूर्ण अधिकार मिळविणे. पूर्वी हौशी मंडळी या अधिकाराने मूळ फाईलच खोडून नवी लिहीत. एक चूक झाली की फोन कंपनीच्या चिन्हावरच अडकून बसे. कंपनीचे अपडेटही मग बसत नसे.

2016 साली तैवानच्या जॉन वू या तरुणाने 'मॅजिस्क' तयार केले. त्यात बदललेली फाईल दुसऱ्याच भागात ठेवतात. फोन सुरू होताना ती मूळ फाईलच्या जागी दाखविली जाते. पुस्तकातील चुकीच्या ओळीवर दुरुस्तीची चिठ्ठी ठेवावी, तसे हे आहे. वाचणाऱ्याला चिठ्ठी दिसते. चिठ्ठी काढली की छापील ओळ जशीच्या तशी. एखाद्या बदलाने फोन अडकलाच, तर 'सेफ मोड'मध्ये सुरू केल्यास असे सगळे बदल बंद होतात.

आता उरलेले अर्धे. चिठ्ठी ठेवण्यासाठी आधी कपाट उघडावे लागते. बूटलोडरचे कुलूप काढताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. फोटो गेले ते गेलेच. सिस्टमला धक्का लागत नसला, तरी फोन सुरू करणारी 'बूट' फाईल बदलावीच लागते. बँकेची अनेक अ‍ॅप असा फोन ओळखतात व चालत नाहीत. आणि पूर्ण अधिकार चुकून एखाद्या लबाड अ‍ॅपला दिला, तर ते घरातले सगळे पाहू शकते.

ज्या फोनवर मजुरीचे पैसे येतात, मुलीच्या शिष्यवृत्तीचा ओटीपी येतो, तो फोन प्रयोगासाठी नाही. मुलाला मात्र रागावू नका. अडगळीतला जुना फोन त्याच्या हाती द्या. कुलूप काढता येते असेच मॉडेल असावे. त्याच मॉडेलची मूळ बूट फाईल आधी जपून ठेवायला सांगा. परतीची वाट तीच. ज्या जॉन वूने हे साधन केले, त्याला 2021 साली गूगलने अँड्रॉइडच्या सुरक्षा विभागात नोकरी दिली. कुलूप समजून घेणारा हातच पुढे कुलूप पक्के करतो.

शिकू द्या, पण घराचा फोन घरासाठी राहू द्या.