सुटत नाही म्हणजे चुकलंच का?

गेल्या शनिवारी केळझरला ताईकडे गेलो होतो. नागपूर-वर्धा रस्त्यावरचं गाव, सिद्धिविनायकाचं देऊळ प्रसिद्ध. दर्शन झालं, जेवण झालं, आता मस्त ताणून द्यावी म्हटलं तर दहावीतली भाची वही घेऊन हजर.

"मामा, याचे अवयवच पडत नाहीत. मला गणित जमतच नाही."

गणित होतं क्ष² − ५क्ष + ५ = ०. पुस्तकात शेवटी ६ होते, बाईसाहेबांनी ५ उतरवले होते! ६ असते तर २ आणि ३, दोन ओळींत खेळ खल्लास. एका आकड्याने गाडी अडली आणि पोरीने खापर स्वतःच्या डोक्यावर फोडलं.

म्हटलं, अवयव सोड. क्षच्या जागी १ ठेव. उत्तर १. आता २ ठेव. उत्तर −१. अधिकाचं उणे झालं, म्हणजे मध्ये कुठेतरी शून्य लागणारच ना? १.५ ला −०.२५, १.४ ला −०.०४, आणि १.३८ ला जवळजवळ शून्य.

"असं चालते का पण?"

चालतं की! माझी तक्रार नेमकी इथेच आहे. अवयवांच्या धड्यात आपण पोरांना निवडून निवडून सुटणारीच गणितं देतो. मग न सुटणारं दिसलं की त्यांना वाटतं आपणच ढ. वर्गसमीकरणाला सूत्र आहे, मान्य. पण पुढे काय? पाचव्या घातासाठी तसं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे आबेलने १८२४ मध्ये दाखवून दिलं. आपल्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'बीजगणिता'त क्ष³ + १२क्ष = ६क्ष² + ३५ सोडवलं, तेही युक्तीने. दोन्हीकडून ६क्ष² + ८ वजा केले की डावीकडे (क्ष − २) चा घन उरतो, उजवीकडे २७. क्ष = ५!

कॉम्प्युटरसुद्धा बऱ्याचदा अंदाज करत करतच उत्तराजवळ जातो. मग प्रत्येक उदाहरणसंग्रहात एक तरी न फुटणारं समीकरण द्यायला काय हरकत आहे? अडणं म्हणजे चुकणं नव्हे, एवढं कळलं तरी पुष्कळ.

भाचीने सगळं नीट ऐकलं आणि शांतपणे ५ खोडून ६ केले. "मार्क यालेच भेटतात, मामा."

असो!