चार कोपऱ्यांची फुले

आई गेल्यावर तिच्या जुन्या लुगड्यांचे काय करावे? बोहारणीस देण्यापूर्वी, भगिनींनो, हल्याळ-यल्लापूरकडील सिद्दी स्त्रियांची कवंदी आठवावी. या समाजातील पुष्कळांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले होते; त्यांची अनेक कुटुंबे ख्रिस्ती आहेत. जुने लुगडे पसरून त्या कोपऱ्यापासून आरंभ करतात आणि कडेकडेने ठिगळे जोडीत, धावदोरा घालीत मध्यापर्यंत पोहोचतात. अखेरीस चारही कोपऱ्यांस दुमडलेल्या चिंध्यांची त्रिकोणी फुले लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी समजतात. ख्रिस्ती घरांतील कवंदीवर ठिगळांचा क्रूसही आढळतो.

घरी गोधडी शिवताना माझी एक चूक टाळावी. आईच्या विरलेल्या लुगड्यावर मी कोऱ्या सुती कापडाची ठिगळे न धुताच लावली. पहिल्याच धुण्यात ती आटली आणि लुगडे टाक्यांशी फाटले. म्हणून कोरे कापड आधी भिजवून वाळवावे, विरलेला भाग आतल्या थरात घालावा, आणि मजबूत काठ कडेस लावावा.

उरलेल्या पदराची मी चार फुले केली. ती आज धाकटीच्या पांघरुणावर आहेत.