चालू झाले म्हणजे नक्की कधी?

लिनक्सवर एखादी स्क्रिप्ट यंत्र चालू होताच आपोआप सुरू व्हावी म्हणून काय करावे, असे विचारा. हमखास तोडगा मिळतो: क्रॉनटॅब उघडा, ‘@रीबूट’ लिहा, पुढे स्क्रिप्टचा पत्ता द्या. एका ओळीत काम फत्ते! पुढे वीज जाऊन येते आणि हाताने चालवताना बिनतक्रार धावणारी स्क्रिप्ट मुकाट मान टाकते.

‘@रीबूट’चा अर्थ एवढाच की क्रॉनटॅबमधली कामे चालवणारा क्रॉन जागा झाला. तेव्हा नेटवर्क लागले असेलच, डेटाबेस उठला असेलच, याची हमी कोणी दिलेली नसते. मग लोक स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘स्लीप ३०’ ठोकतात. तीसच का? कारण परवा तेवढ्यात जमले होते.

यावर नेमका उपाय सिस्टमडीत आहे; यंत्र चालू होताना सेवा उठवणारे हे सॉफ्टवेअर लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१० मध्ये पुढे आणले, तेव्हापासून त्यावर भांडणे चालू आहेत. डेबियनमध्ये तर ती इतकी विकोपाला गेली की ‘डेवुआन’ नावाची वेगळी चूल मांडली गेली. लॉगपासून लॉगिनपर्यंत एकाच प्रकल्पाने हातपाय पसरावेत का, हा आक्षेप आम्हालाही पटतो. पण स्क्रिप्ट कोणाच्या मागून चालायची, हे उघड लिहून द्यायला त्याने भाग पाडले, हे मान्य करायला हवे.

त्यासाठी लिहायची सर्व्हिस फाइल जेमतेम दहा ओळींची. ‘आफ्टर’ आणि ‘वॉन्ट्स’ या दोन्हींत ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ लिहावे. नुसत्या ‘नेटवर्क.टार्गेट’वर विसंबणारे फसतात; नेटवर्क सांभाळणारी यंत्रणा उठली, एवढेच ते सांगते, आयपी पत्ता मिळाला की नाही याच्याशी त्याला देणेघेणे नाही. ‘युजर’ची ओळ विसरलात तर स्क्रिप्ट थेट रूटच्या अधिकाराने चालते. आणि ‘स्टार्ट’ करून ‘एनेबल’ करायचे राहिले, तर पुढच्या रीबूटला सगळे मुसळ केरात.

एवढी खटपट कशाला, असे म्हणणाऱ्यांनी बिघाड शोधायची वेळ आठवावी. सिस्टमडीत ‘जर्नलसीटीएल’ला सर्व्हिसचे नाव दिले की स्क्रिप्ट काय बोलून पडली ते समोर येते. क्रॉन तेच बोलणे यंत्रावरच्या मेलने पाठवू पाहतो. ती सोय हल्ली बहुतेक ठिकाणी बसवलेलीच नसते. मग डेबियन-उबुंटूच्या लॉगमध्ये फक्त एक नोंद पडते: एमटीए (मेल पोचवणारा प्रोग्राम) नाही, आउटपुट टाकून दिले.