टोपावरचे नाव

मे महिन्याच्या सुट्टीत यंदा गावी न जाता आम्ही सायप्रसला गेलो. भाऊ जहाजावर असतो, त्याचे बिऱ्हाड लिमासोलला. त्याने भाड्याची गाडी ठरवून दिली. इंग्रजांचे राज्य १९६० पर्यंत होते, त्यामुळे तिथेही गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. ह्यांना तेवढाच धीर आला.

आधी लार्नाकाला जाऊन खाऱ्या तळ्याकाठचे हला सुलतान तेक्के पाहिले. हजरत उम्मे हराम (रजि.) यांची कबर इथे आहे, असे परंपरा सांगते. फातिहा पढून आम्ही डोंगराकडे वळलो. वाटेत कोफिनू लागले. हे पूर्वी तुर्की वस्तीचे गाव, ती वस्ती १९७४ नंतर उत्तरेला गेली. पुढे स्कारिनूपासून वळणे सुरू झाली. दोन्ही अंगांना जैतून आणि खरनूबाची झाडे होती. खरनूबाच्या शेंगांचा तिथे काकवीसारखा पाक काढतात. आमच्या लेकीला तो इतका आवडला की निम्मी बाटली गाडीतच संपली.

लेफकारा गाव दगडी घरांचे, गल्ल्या अरुंद. गाडी बाहेरच ठेवावी लागते. बायका उंबऱ्याशी बसून तागाच्या कापडावर जाळीकाम करतात. युनेस्कोने २००९ मध्ये या कलेची नोंद घेतली. गावात मशीदही आहे. दाराला कुलूप होते.

"इथे नमाज का होत नाही?" लेकीने विचारले. वर्गात पानिपत शिकवणे सोपे, हे सांगणे अवघड. १९७४ मध्ये ग्रीसच्या लष्करी राजवटीच्या चिथावणीने बंड झाले, मग तुर्कस्तानची फौज उतरली. दीड लाखाहून अधिक ग्रीक दक्षिणेत आले, चाळीस हजारांहून अधिक तुर्की उत्तरेत गेले. तिकडे चर्चची दारेही अशीच बंद पडली. आमच्या वाडीतही कुलूपबंद घरे आहेत, पण ती मे महिन्यात उघडतात.

जाळीकाम करणाऱ्या एका सत्तरीच्या बाईंनी आमचे बोलणे ऐकले असावे. मोडक्या इंग्रजीत त्यांनी आत बोलावले, कॉफी दिली, हलूमी तळून दिले. या चीजला उत्तरेत हेलिम म्हणतात. युरोपीय संघाने २०२१ मध्ये दोन्ही नावांनी त्याची नोंद केली. बेटाची वाटणी झाली, चीजची नाही, असे आमचे हे म्हणाले. बाई हसल्या नाहीत.

त्यांनी फळीवरून एक तांब्याचा टोप काढला. शेजारच्या तुर्की बाईंनी जाताना तो सांभाळायला दिला होता. २००३ मध्ये सीमेवरची फाटके उघडली तेव्हा शेजारणीची मुलगी येऊन गेली. टोप न्यायला सांगितले तर म्हणाली, "राहू द्या, पुन्हा यायला बरे." त्यानंतर आली नाही.

टोपाच्या काठावर काही कोरलेले होते. ते वाचणारे आता घरात नाही, गावातही नाही. आम्ही चष्मा लावला. तुर्की येत नाही, पण लिपी आमच्या उर्दूचीच. एका बाईचे नाव होते, खाली हिजरी साल. शेजारणीचे नाव नव्हते, तिच्या आजीचे असावे. आम्ही ते मोठ्याने वाचले. बाईंनी दोनदा म्हणायला लावले आणि जाळीच्या बिलामागे ग्रीक अक्षरांत लिहून घेतले.

बिल मग दुसरे करावे लागले.