भट्टी एक, डबे दहा

मुंबई-नाशिक महामार्गाने शहापूरला जा, नाहीतर कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजच्या दिशेने निघा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतघरांच्या आणि बंगल्यांच्या जाहिराती दिसतात. शनिवार-रविवारच्या या घरांच्या मागल्या अंगणात आता एक नवी हौस दिसू लागली आहे, लाकडावर तापणारी विटांची भट्टी. कोणाला तिच्यात पिझ्झा भाजायचा असतो, कोणाला नान, तर कोणाला घरचा पाव. हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो. या हौसेला मात्र दोन मोले आहेत, एक लाकडाचे आणि दुसरे विटेचे. दोन्ही मोजूनच भट्टी बांधावी, एवढे सांगण्यासाठी आजचा हा लेख.

आधी भट्टी कशी असते ते पाहू. तिला फार मोठी विद्या लागत नाही. कमरेइतका उंच चौथरा बांधायचा. त्यावर उष्णता खाली जाऊ नये म्हणून भाताच्या तुसाची राख आणि माती यांचा चांगला जाड थर द्यायचा. आपल्याकडे भातगिरण्या असल्याने ही राख मिळायला अडचण नाही. त्यावर वाळू सारखी करून तळाच्या विटा घट्ट बसवायच्या. मग ओल्या वाळूचा घुमटाच्या आकाराचा ढीग रचायचा, त्यावर भिजवलेला वर्तमानपत्राचा कागद आणि त्याच्या अंगाने अर्ध्या विटांचे थर. सांध्यांत माती आणि वाळूचा गिलावा वापरायचा. एवढ्या आचेपुढे साधे सिमेंट टिकत नाही, भेगाळते. घुमट वाळला की दारातून वाळू उपसून काढायची.

दाराची उंची हे या कामातले खरे गणित. घुमट आतून सोळा इंच उंच असेल, तर दार दहा इंचांच्या आसपास हवे. दार मोठे ठेवले तर उष्णता निघून जाते आणि फारच लहान ठेवले तर आग गुदमरते. पहिला आठवडाभर फक्त बारीक जाळ करायचा, म्हणजे विटांतला आणि मातीतला ओलावा हळूहळू निघतो. घाई केली तर त्या ओलाव्याची वाफ होऊन घुमट तडकतो. आपल्याकडचा पाऊस लक्षात घेता वर पत्र्याची किंवा कौलांची शाकारणी हवीच.

आता या भट्टीचा स्वभाव. चूल पेटवली की लगेच कामाला येते आणि विझवली की थंड होते. भट्टीचे तसे नाही. तिच्यात दोन-तीन तास लाकूड जाळावे लागते, तेव्हा कुठे विटा तापतात. मग निखारे बाजूला ओढायचे, तळ ओल्या फडक्याने पुसायचा आणि चिमूटभर पीठ टाकून पाहायचे. पीठ लगेच काळे पडले तर थांबायचे, सावकाश तांबूस झाले तर पाव आत सारायचा. त्यानंतर अर्धा दिवस लाकडाचा एक तुकडाही न घालता ती उष्णता देत राहते. पहिल्या कडक आचेत नान आणि चपट्या रोट्या, आच थोडी उतरली की पाव, आणखी उतरली की नानकटाई आणि बिस्किटे. रात्रभराच्या उबेत मिरच्या, हळकुंडे वाळतात.

म्हणजे भट्टीत जे लाकूड जळते ते पावासाठी जळत नाही, विटा तापवण्यासाठी जळते. चार नान भाजायचे असोत की चारशे पाव, पहिल्या तापण्याचा खर्च जवळपास तोच. एका कुटुंबाने चार माणसांच्या जेवणासाठी भट्टी तापवली, तर त्या आचेचा मोठा भाग मोकळ्या हवेत जातो. दहा घरांनी एकाच दिवशी तिच्यात आपापले डबे लावले, तर तेच लाकूड दहा घरांना पुरते. भट्टी मुळातच एका घराची वस्तू नाही.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पाव हा शब्द पोर्तुगिजांचा, नान फारसीतला, पण भट्टीशी असलेले नाते आपले सगळ्यांचे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत दिवाळीच्या आधी आणि ईदच्या आधी बेकरीसमोर सारखीच गर्दी असायची. घरून मैदा, रवा, साखर आणि तूप घेऊन जायचे, बेकरीवाल्याकडून नानकटाई भाजून घ्यायची आणि पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणायची. भाजणावळ किलोवर. कोणाचे तूप जास्त, कोणाच्या घरची वेलची अधिक, हे बेकरीवाल्याला ठाऊक. डब्यावर नाव लिहिलेले असे. ते नाव देशपांड्यांचे आहे की शेखांचे, याने आचेत फरक पडत नसे. आजही काही ठिकाणी हे चालते, पण तयार पुड्यांनी ते पुष्कळ कमी केले.

मोरोक्कोतल्या फेज आणि माराकेश या शहरांच्या जुन्या वस्त्यांत सार्वजनिक भट्टीला फरान म्हणतात. घरी मळलेल्या कणकेचे गोळे फळीवर ठेवून मुले भट्टीवर नेतात आणि भाजलेली रोटी घेऊन परततात. पंजाबात गल्लीचा एकच तंदूर असे, त्याला सांझा चूल्हा म्हणत. जिथे सरपण महाग, तिथे लोकांनी आच वाटून घेतली. तो भाबडेपणा नव्हता, हिशेब होता.

आता लाकडाच्या बेकऱ्यांवर संकट आहे आणि त्याला सबळ कारणही आहे. मुंबईच्या हवेबाबतच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2025 रोजी लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना व खाद्यगृहांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. महापालिकेने त्याआधी वर्षभराची मुदत दिली होती, न्यायालयाने ती निम्म्यावर आणली. दाट वस्तीत धूर ज्याच्या खिडकीत जातो त्याच्या छातीचाही विचार व्हायला हवा. त्याच वेळी बेकरीच्या भट्टीपुढे उभे राहून पोट भरणाऱ्या कामगारांच्या आणि छोट्या मालकांच्या डोक्यावर यंत्र बदलण्याचा खर्च आला, हेही खरे. पण एक विसंगती डोळ्यांआड करता येत नाही. ज्या शहरात शेकडो घरांचा पाव भाजणारी भट्टी विझवायची, त्याच शहरातल्या काहींनी शंभर किलोमीटरच्या आत येऊन एका कुटुंबासाठी नवी भट्टी पेटवायची, हा कसला न्याय?

शहापूर आणि मुरबाड ही धरणांची आणि जंगलांची भूमी आहे. तानसा, वैतरणा आणि भातसाचे पाणी मुंबई पिते. या धरणांभोवतीच्या जंगलातली वाळकी लाकडे डोक्यावर वाहून आणणाऱ्या बाया आपण रोज पाहतो. त्यांच्या चुलीला ते सरपण लागते. आपली हौस त्यांच्या मोळीवर भागू नये.

दुसरे मोल विटेचे. मराठी माणसाला विटेचे मोल वेगळे सांगायला नको, त्याचा विठोबाच विटेवर उभा आहे. पण ती वीट पाडतो कोण? आपल्या भागातल्या वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे मुक्कामाला जातात. त्यात मोठा वाटा कातकरी समाजाचा. हा समाज एकेकाळी खैराच्या झाडापासून कात काढत असे, त्यावरूनच त्याचे नाव पडले. जंगलावरचा हक्क गेला, कात गेला आणि हातात चिखल आला. पावसाळ्यात किंवा सणाच्या तोंडावर मालकाकडून उचल घ्यायची, मग हंगामभर विटा पाडून ती फेडायची. मजुरी हजार विटांवर ठरते आणि आठवड्याला हातात फक्त खर्ची पडते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो तेव्हा कित्येकदा अंगावर बाकीच निघते आणि पुढचे वर्षही त्याच भट्टीला बांधले जाते.

यंदा रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे वीटभट्ट्यांच्या ऐन हंगामात आला आहे. आपण सहरीसाठी उठतो तेव्हा या भट्ट्यांवर दिवस सुरू होऊन बराच वेळ झालेला असतो. ऊन चढण्याआधी काम उरकावे म्हणून चिखल मळणे आणि वीट पाडणे पहाटे अंधारातच सुरू होते. एक जोडपे दिवसाला हजाराच्या आसपास विटा पाडते. अंगणातल्या भट्टीला चौथऱ्यासह पाच-सहाशे विटा लागतात, म्हणजे एका नवरा-बायकोचा अर्धा दिवस. त्या अर्ध्या दिवसाचे त्यांच्या हातात काय पडले, हे विचारायला विटा घेणाऱ्याला किती वेळ लागतो?

घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही पैगंबरांची शिकवण प्रत्येक रमजानात मशिदीतून ऐकू येते. जकातीच्या ज्या आठ वाटा कुराणात सांगितल्या आहेत, त्यांत एक वाट गुलामीत अडकलेली मान सोडवण्याची आणि एक कर्जाने दबलेल्याची आहे. जकात नेमकी कोणाला द्यावी याचे शास्त्र स्वतंत्र आहे, पण सदका कोणत्याही गरजूला देता येतो. आणि वेठीच्या प्रश्नात तर दानाच्याही आधी कायदा आहे. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठीचे कर्जच रद्द ठरवले आहे. ते फेडायचे नसते. जिल्हाधिकाऱ्यांवर कारवाईची जबाबदारी आहे आणि दक्षता समित्यांची तरतूद आहे. ठाणे जिल्ह्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने याच कायद्याच्या आधारे वेठबिगारांची सुटका केली. वीटभट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात, त्यावरून तिथल्या मुलांसाठी भोंगाशाळा उभ्या राहिल्या. म्हणजे वाट आहे, ती चालून दाखवणारेही झाले आहेत. विटा विकत घेणाऱ्यांनी मात्र अजून प्रश्न विचारायला सुरुवात केलेली नाही.

मग भट्टी बांधूच नये का? जरूर बांधावी. पण ती आळीची, वाडीची किंवा सोसायटीची असावी. बचत गटाच्या महिलांनी ती चालवावी, आठवड्यातून ठरलेल्या एका दिवशी तापवावी आणि भाजणावळ घ्यावी. लाकूड छाटणीचे, आपल्याच बांधावरचे आणि पुरते वाळलेले असावे. ओले लाकूड धूर देते, आच देत नाही. धुराडे शेजाऱ्याच्या खिडकीपासून दूर असावे. विटा घेताना दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज येतो का, हे आपण पाहतोच. त्याच वेळी भट्टीमालकाला विचारावे, हजारी दर काय देता, हिशेब लिहून देता का, मुले शाळेत जातात का? एका गिऱ्हाइकाच्या प्रश्नाने काही होणार नाही. पण बंगल्यांच्या जाहिराती जितक्या आहेत, तितकी गिऱ्हाइके हे विचारू लागली तर हिशेबाची वही उघडावीच लागेल.

ईदला थोडे दिवस उरले आहेत. ज्यांच्या अंगणात अशी भट्टी आधीच उभी आहे, त्यांनी ईदच्या आदल्या शनिवारी ती तापवावी आणि शेजारच्या दहा घरांना डबे घेऊन बोलवावे. नानकटाई सगळ्यांना येते. ज्यांना येत नाही, त्यांनी निदान तूप आणावे.