तीर्थाची वाट, लेकीची वाट

लोहारा तालुक्यातील माकणी येथे निम्न तेरणा प्रकल्पाच्या धरणाने जी नदी अडविली आहे, तीच वरच्या अंगाला संत गोरोबाकाकांच्या तेरवरून वाहत येते. तेर येथील संतमेळ्यात मुक्ताबाईने थापटण्याविषयी विचारले आणि मग कोणते मडके कच्चे याची परीक्षा झाली, अशी कथा वारकरी परंपरा सांगते. त्या परीक्षेतून नामदेवही सुटले नाहीत. स्त्रीच्या प्रश्नाचा इतका मान राखणारी परंपरा आपली म्हणविणाऱ्यांनी स्वतःचे वर्तनही एकदा पारखून पाहावयास हवे.

तुळजापूरला वा पंढरीला निघालेल्या स्त्रीला सहसा कोणी अडवीत नाही. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा खर्चाची सबबही निम्मी उरली. परंतु त्याच गाडीने मुलगी महाविद्यालयात अथवा नोकरीच्या मुलाखतीस निघाली, की ‘सोबत कोण?’, ‘परतणार केव्हा?’ हे प्रश्न अनेक घरांत उभे राहतात. गाडी तीच, रस्ता तोच. बदलतो तो केवळ प्रवासाचा हेतू.

धर्माच्या दारीही समता आपोआप आलेली नाही. शनिशिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना खुला होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. त्यासाठी आंदोलन करावे लागले आणि उच्च न्यायालयातही जावे लागले. स्त्रीला देवी म्हणून पुजणे सोपे. तिला तिच्या इच्छेने एकटीला जाऊ देणे अवघड. गोरोबांचे थापटणे आज घराघरांतील कर्त्या पुरुषांच्या मस्तकी पडले, तर किती मडकी पक्की निघतील?